तात्यांचा बोर्ड

आमच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, त्यामुळे आई काय करतेय हे साऱ्या घराला ऐकू यायचं. परातीत भाकरी थापल्याचा आवाज, ती तव्यावर पडल्यावरची घटकाभर शांतता, मग उखळात शेंगांची चटणी कुटण्याचा तो जड, एकसुरी ठेका. शेजारच्या गल्लीतल्या विहारात सकाळची वंदना सुरू व्हायची तोवर आमच्याकडे दहा-बारा भाकरी झालेल्या असायच्या. त्यातल्या तीन-चार आई मंद आचेवर पुन्हा भाजून कडक करायची, कारण तात्यांना कडक भाकरी लागायची. तात्या ती ताटात घेण्याआधी कानाशी धरून तिचा कोपरा मोडायचे. आवाज मनासारखा आला की मान डोलवायचे, आणि जरा मऊ वाटला तर म्हणायचे, "वहिनी, ही अजून झोपेत हाय." मग तुम्हीच उठवा तिला, असं म्हणत आई ती परत तव्यावर टाकायची. ज्वारी मंगळवेढ्याचीच असली पाहिजे यावर मात्र दीर-भावजयीचं कधी भांडण झालं नाही. आता माझे दात कडक भाकरीला दाद देत नाहीत. मी ती दुधात भिजवून खाते, आणि तात्यांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे की मुलगी बघायला गेलो असतो तर तिला बोलतच राहावं लागलं असतं, आणि सोलापुरात तेवढं बोलणारी मुलगी शिल्लक नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते घरी आले की जेवायचे, चार शब्द बोलायचे आणि झोपायचे. त्यामुळे माझा अभ्यास, माझे लाड आणि माझी खरडपट्टी ही तिन्ही खाती तात्यांनी सांभाळली. पाढे त्यांनी शिकवले, बसचा आवाज ऐकून ती कुठल्या वेगानं येतेय हे ओळखायला त्यांनी शिकवलं, आणि खोटं बोलताना माणूस श्वास कुठं घेतो हेही त्यांनीच शिकवलं. या शेवटच्या विद्येमुळे मला लहानपणी फार त्रास झाला, कारण ती त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येत होती.

ते एका मोठ्या सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. माझ्या मैत्रिणीची सून आता तिथं नोकरीला आहे आणि मला उरलेले दिवस शांततेत काढायचे आहेत. तळमजल्यावर जिन्याखाली तात्यांची खोली होती. तिथं एक जुना टेलिफोन बोर्ड होता, हार्मोनियमएवढा, भरपूर बटणांचा. नेहमी लागणाऱ्या बटणांवर आईच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, म्हणजे बोट फिरवलं की जागा कळायची. सगळ्या टेबलांचे नंबर तात्यांना तोंडपाठ होते. कोणता साहेब जेवायला गेला की कधी परततो, कोणत्या टेबलावरचा माणूस फोन घ्यायला टाळाटाळ करतो, कुणाकडे पाठवलं की खेड्यातून आलेल्या माणसाचं काम खरंच होतं, हेही पाठ होतं. शाळेच्या सुटीत मी तिथं जाऊन बसायची. गावाकडून फोन करणाऱ्या माणसाला आपल्याला कोण हवंय हेच पुष्कळदा ठाऊक नसायचं. तात्या दोन प्रश्न विचारायचे आणि त्याला बरोबर टेबलावर पोचवायचे. घरी आल्यावर ते या फोनांच्या गोष्टी सांगायचे तेव्हा आई चटणी कुटायची थांबायची.

मी मोठी झाले आणि वेबसाइटा करायला लागले. सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वर जुबेरभाईंचं छोटंसं ऑफिस होतं, आम्ही त्याला दुकानच म्हणायचो. तिथं मी, जुबेरभाई आणि चार संगणक. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, बार्शीचे धान्याचे आडते, अशांच्या साइटा आम्ही करायचो. माझ्याकडे फ्रंट-एंड होतं, म्हणजे पानाचा जो भाग लोकांना दिसतो तो. रंग, अक्षरं, बटणं, दाबल्यावर काय सरकेल आणि काय उघडेल, हे सगळं. त्या काळी या धंद्यात दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं यायचं आणि जुनं शिकलेल्यांना गावंढळ ठरवून जायचं. ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पानं ज्यात उघडतात तो प्रोग्राम, दर महिन्याला आपोआप बदलायचा. मी रोज बसमध्ये मोबाइलवर नवं काय आलं ते वाचायची आणि ते दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी आडत्याच्या साइटवर चढवायची. ज्वारीचे भाव पानाच्या डाव्या कडेनं तरंगत यायचे, सोनेरी सावली पडायची. आडत्याला ते आवडायचं. ज्वारी विकायला आणणाऱ्या शेतकऱ्याला आवडायचं की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही. तेव्हा मी स्वतःला मोठी कलावंत समजत होते, हे इथं कबूल केलेलं बरं.

मग एके दिवशी तात्या घरी आले आणि कोपरा न मोडताच भाकरी खाल्ली. आई थबकली. कार्यालयातला जुना बोर्ड काढणार होते. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं नवं यंत्र बसवलं होतं आणि आता सगळे फोन संगणकावरच्या एका पानातून जोडायचे होते. तात्यांना संगणक नवा नव्हता. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांच्या मोबाइलवर होता, कार्यालयातल्या संगणकावरही होता, आणि त्यातल्या आवाजाला ते 'आमची बाई' म्हणायचे. ती बाई इतक्या भराभर बोलायची की आम्हाला फोडणीतल्या मोहरीसारखी नुसती तडतड ऐकू यायची. तात्यांना सगळं कळायचं. प्रश्न असा होता की नव्या पानाशी त्यांच्या बाईचं जमणार की नाही. नाही जमलं तर तात्यांना वरच्या मजल्यावर नोंदणी कक्षात खुर्ची मिळणार होती. पगार तोच, हजेरी तीच, काम काही नाही. तसे एक गृहस्थ तिथं आधीच बसवलेले होते, आणि तात्या म्हणाले की त्यांच्या खोकल्याचा आवाजसुद्धा अलीकडे बदललाय. एवढं बोलून ते हात धुवायला गेले. माणसाला जिवंतपणी बाजूला ठेवतात म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि चार दिवसांनी ते पान करायचं काम नेमकं जुबेरभाईंकडे आलं. पुण्याच्या कंपनीला मराठीत विभागांची नावं असलेलं, कार्यालयाला आवडेल असं पान हवं होतं आणि स्थानिक माणूस हवा होता. मी जुबेरभाईंना हात जोडून सांगितलं की हे काम मीच करणार आणि घरी एक अक्षर कळता कामा नये. मला तात्यांना चकित करायचं होतं. आता वाटतं, त्या एका हौसेपायी मी जवळजवळ त्यांचं काम घालवलं. ज्या घरात ती बाई सकाळ-संध्याकाळ तडतडत होती त्या घरात मी राहत होते, आणि तात्या, तुम्हाला पान कसं हवं, हे विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही.

पान मी फार सुंदर केलं. प्रत्येक विभागाची एक रंगीत चौकट, माउसचा बाण जवळ नेला की ती उचलली जायची, दाबली की उलटून मागे टेबलांची नावं दिसायची. आणि तात्यांसाठी वरच्या कोपऱ्यात एक वेगळा दुवा ठेवला, 'दृष्टिबाधितांसाठी वेगळे पान'. त्या पानात मी माझाच आवाज भरला. दुपारी आई वामकुक्षीला गेली की मी गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून मोबाइलवर एकेका विभागाचं नाव बोलायची. लेखा, भांडार, आस्थापना, आवक-जावक. आस्थापनाच्या वेळी आई लवकर उठली होती आणि तिनं कुकर लावला होता, त्याची शिट्टी मागे आली. ते पुन्हा करायचं मी विसरले. मुख्य पान उघडलं की माझा आवाज नमस्कार करून त्या दुव्याची जागा सांगणार, दुवा दाबला की परत नमस्कार करून एकेक विभाग सांगणार आणि तात्या ऐकून आकडा दाबणार, अशी योजना होती. दुकानात कानाला हेडफोन लावून मी ते शंभरदा तपासलं. त्या वाचणाऱ्या बाईला सुरू करून मात्र एकदाही नाही, कारण तिची तडतड मला समजत नव्हती.

चाचणी कार्यालयातच झाली. तिथल्या मुख्य अधिकारी एक मॅडम होत्या, मितभाषी आणि कामाला चोख. त्या आपल्या खोलीतून मोबाइलवरून फोन लावणार आणि एकेक विभाग मागणार, तात्या जोडून देणार, असं ठरलं होतं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून हेडफोन काढून स्पीकर लावला होता. पाच-सात कर्मचारी दारात उभे होते. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला तिथं बघून, म्हणजे माझ्या चपलांचा आवाज ऐकून, ते चकित झाले, आणि पान मी केलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की तो आठवला तरी मला आजही बसल्या जागी कसंतरी होतं.

पान उघडलं आणि गप्प राहिलं. माझा नमस्कार आलाच नाही. ब्राउझरवाल्यांनी नियम केला होता की माणसानं काही दाबल्याशिवाय पानानं आपणहून आवाज काढायचा नाही, कारण जाहिरातींनी लोकांचे कान किटवले होते. दुकानात मी सारखी काही ना काही दाबत असायची, म्हणून मला हे कळलंच नव्हतं. फोन वाजायला लागला. तात्या एकेक कळ दाबत पुढे जात होते, पण माझ्या त्या सुंदर चौकटींवर त्यांची बाई थांबतच नव्हती, कारण ती खरी बटणं नव्हतीच, बटणासारखे रंगवलेले नुसते डबे होते. शेवटी त्यांना माझा कोपऱ्यातला दुवा सापडला. तो दाबला आणि दोन बायका एकदम बोलायला लागल्या. एक तडतडत होती, आणि दुसरी, म्हणजे मी, लाडात येऊन म्हणत होते, "नमस्कार तात्या, मी सुजाता." दारातलं कुणीतरी हसलं. मॅडमनी लेखा मागितलं होतं, ते भांडारात गेलं. दुसऱ्यांदा आस्थापना मागितलं. तात्या कान देऊन ऐकत होते, माझा आवाज "आस्थापना" म्हणाला आणि पाठोपाठ कुकरची शिट्टी झाली. या वेळी सगळेच हसले. तात्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

मॅडम खाली आल्या. त्या हसल्या नाहीत. "बनसोडे, चूक तुमची आहे असं मी म्हणत नाही," त्या तात्यांना म्हणाल्या, "पण फोन चुकीच्या टेबलावर जाऊन चालणार नाही. सोमवारी पुन्हा बघू. तेव्हाही नाही जमलं तर नोंदणी कक्षात तुमच्यासाठी खुर्ची आहे."

"खुर्ची मला इथंही आहे, मॅडम," तात्या म्हणाले.

परतताना आम्ही रिक्षा केली. मी रडत होते आणि आवाज होऊ नये म्हणून तोंडानं श्वास घेत होते, जणू त्यांना ते कळणार नव्हतं. घरी आईनं काय झालं ते माझ्या तोंडावरून ओळखलं आणि काही न विचारता पानं वाढली. तात्या नीट जेवले, चटणी मागून घेतली, पाणी प्यायले. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"सुजा, ते पान कुनासाठी केलं हुतंस?"

"तुमच्यासाठी, तात्या."

"माज्यासाठी न्हाय केलंस. आंधळ्या मानसासाठी केलंस. मी तितं ऑपरेटर हाय." ते रागावलेले नव्हते, म्हणून मला जास्त लागलं. "तुजा आवाज मला घरात दिवसभर ऐकू येतोच की. हापिसात मला तुजी माया नको. दाबलं की लागंल असं बटन दे. येगळं पान नको, सगळ्यांचं हाय तेच नीट कर."

आई म्हणाली की पोरीला जेवू द्या आधी. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, आपण या माणसाला इतकी वर्षं ओळखतो असं समजत होतो याचंच आश्चर्य वाटलं. लहानपणी हात धरून मीच त्यांना दुकानात न्यायची. मोठी झाले तरी मी मनातून त्यांचा हात सोडलाच नव्हता, आणि त्यांनी मात्र तो धरला होता तो माझ्या समाधानासाठी.

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी संपली की तात्या थेट जुबेरभाईंच्या ऑफिसात यायला लागले. जुबेरभाईंना आधी पटेना. एवढं छान पान, एवढी मेहनत, आणि सगळं मोडायचं? गिऱ्हाइकाला पाहून बरं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तात्यांनी त्यांना विनंती केली की पडदा बंद करून स्वतःच्याच दुकानाच्या साइटवरून दुकानाचा फोन नंबर शोधून दाखवा. जुबेरभाईंनी वाचणारी बाई हळू बोलायला लावली आणि डोळे मिटून बसले. दहा मिनिटं झाली. नंबर काही सापडला नाही. मग ते उठले, खालून तिघांना चहा आणला आणि मला म्हणाले, "सुजाता, हे जसं सांगतील तसं कर. मी पुण्याला बोलतो."

मीही पडद्याचं बटण बंद करून काम करायला लागले. पहिल्या दिवशी डोकं भणभणलं. आपण केलेलं पान नुसतं ऐकणं म्हणजे आपलाच मूर्खपणा कुणीतरी सावकाश वाचून दाखवणं होतं. ब्राउझरमध्ये पहिल्यापासून एक साधं बटण दिलेलं असतं. ते कीबोर्डवरच्या कळीनं सापडतं, एंटर मारला की दाबलं जातं, वाचणारी बाई त्याला नावानिशी बटण म्हणते, आणि या सगळ्यासाठी आपल्याला काहीही करावं लागत नाही. ते पुरेसं देखणं नाही म्हणून मी ते कधी वापरलंच नव्हतं. दोन वर्षं मी भिंतीवर दारं रंगवत होते आणि लोक आत का येत नाहीत याचा विचारही करत नव्हते. हल्ली पानं माणसं करत नाहीत, मशीनला सांगितलं की ते करून देतं. परवा माझ्या नातीनं तसं एक करून मला दाखवलं. मी पडदा बंद करून ऐकलं. त्यातही रंगवलेले डबेच होते. मशीन शिकलं ते आमच्याकडूनच, दुसरं काय होणार.

तात्या शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे आणि चुका काढायचे. मी प्रत्येक बटणाचं नाव 'विभाग – लेखा', 'विभाग – भांडार' असं दिलं होतं. पडद्यावर ते शिस्तीत दिसायचं. तात्यांना मात्र प्रत्येक वेळी 'विभाग' ऐकून मग पुढचं ऐकावं लागायचं. हाक मारताना कुणी आधी आडनाव घेतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी सगळीकडचा 'विभाग' काढून टाकला आणि कामाचा शब्द आधी आणला. मग लक्षात आलं की चौकट उघडून मिटली की त्यांची बाई पानाच्या अगदी सुरुवातीला जाऊन पडते, आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकावं लागतं. हे समजावताना तात्यांनी मला खिडकीशी नेलं. खाली सात रस्त्याच्या गाड्यांचा कल्लोळ चालला होता. लोक चांगले असतात, ते म्हणाले, विचारण्याआधीच हात धरून रस्त्यात नेतात. मग त्यांची बस येते आणि ते मला मधेच सोडून पळतात. "तुजं पान बी तसंच करतंय बग. जितनं नेलंस तितं परत आनून सोड." एवढं वाक्य मी पुढे आयुष्यभर माझ्या हाताखालच्या मुलामुलींना सांगत आले. त्यांना त्याचं मोठमोठ्या इंग्रजी शब्दांतलं नाव माहीत असायचं, पण ते करायला ती विसरायची.

शुक्रवारी मी विचारलं की आता रंग आणि सावल्या काढून टाकू का सगळ्या. तात्या चकितच झाले. ते रजेवर असले की त्यांच्या जागी म्हेत्रे बाई बसायच्या, त्यांना दिसतं की, त्यांना रंग लागणार, ते म्हणाले. मग मी रंग ठेवले आणि कोपऱ्यातलं ते वेगळं पान पुसून टाकलं. माझा आवाजही पुसला. पुसताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कुकरची शिट्टी तेवढी मी घरच्या मोबाइलवर ठेवून दिली आणि आईला ऐकवली. ती म्हणाली, माझा भात बरा झाला होता त्या दिवशी.

सोमवारी आम्ही कार्यालयात पोचलो तर ब्राउझर रविवारी आपोआप नवा झालेला. पडद्याच्या वरच्या पट्टीचा रंगच वेगळा. माझ्या जुन्या करामती असत्या तर त्यातली निम्मी या बदलात गळून पडली असती, हे मला ठाऊक होतं. पण आता पानात करामत अशी काही उरलीच नव्हती. फोन वाजला. तात्यांची बाई एकदाच म्हणाली, फोन आला. त्यांनी कळ दाबत लेखाचं बटण गाठलं, एंटर मारला आणि लेखा विभागाच्या टेबलावरची घंटी वाजली, ती आम्हाला जिन्यावरून ऐकू आली. मग आस्थापना. मग भांडार. मग मॅडमनी घाईघाईनं एकामागून एक तीन मागितले आणि तिन्ही लागले. दारात उभे असलेले आता हसत नव्हते, कंटाळून पांगायला लागले होते, आणि मला तो कंटाळा फार गोड वाटला.

तेवढ्यात मधेच एक खरा फोन आला. कोणी म्हातारे गृहस्थ मंगळवेढ्याजवळच्या खेड्यातून बोलत होते. त्यांच्या बायकोच्या नावाचा कसलासा कागद कार्यालयात अडकला होता आणि कुणाला भेटायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं. तात्यांनी विचारलं, कागद घेतला तेव्हा पावतीवर शिक्का गोल होता की चौकोनी? गोल, ते म्हणाले. आणि घेणारा माणूस बसून होता की उभा? उभाच होता, म्हातारे म्हणाले, खिडकीत. तात्यांनी त्यांना आवक-जावकच्या दुसऱ्या टेबलावर जोडून दिलं. मॅडम तोवर खाली येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं. पानात हे प्रश्न कुठंच नव्हते, हे त्यांनाही कळलं असावं.

"बनसोडे," त्या म्हणाल्या, "उद्यापासून हेच चालू करा." आणि जिना चढून गेल्या.

तात्या पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच पानावर काम करत राहिले. मी तेव्हा जिवाचं रान करून जे जे शिकले होते त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आता मला आठवत नाहीत. ती साधी बटणं मात्र कितीतरी ब्राउझर आले आणि गेले तरी चालत होती.

पण मला सांगायचं आहे ते मंगळवारचं. मंगळवारी दुपारी मला दुकानात बसवेना. मी कार्यालयाचा नंबर लावला. काम काही नव्हतं. एक घंटी पुरी व्हायच्या आत तिकडून उत्तर आलं, "नमस्कार, बोला." आवाज तात्यांचाच, पण त्यात घर कुठंच नव्हतं. खणखणीत, स्वच्छ, जरासा घाईतला.

"तात्या, मी," मी म्हटलं.

"बोला मॅडम. कोणाला जोडून देऊ?"

त्यांनी मला ओळखलं होतं. चपलांच्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. मी म्हटलं की कुणालाच नको, बोर्ड कसा चाललाय तेवढंच विचारायचं होतं.

"मॅडम, लाइनवर तीन माणसं थांबली आहेत," तात्या म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी तो बंद फोन कानाशी धरून तशीच बसले. मला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते. समोरून जुबेरभाईंनी घाबरून विचारलं की काय झालं, कुणाचा फोन होता.

"ऑपरेटर होते," मी सांगितलं. "कामात होते."